मदत हवी आहे : १२ हजारांत नायलॉन तारांची गिटार आणि तिचा सेटअप (सांगली-मिरज)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे. लहानपणापासून पेटी शिकते, कान चांगला तयार झालाय. आता तिला गिटार शिकायची आहे. कॉर्ड धरून गाण्यामागे वाजवायची नाही, बोटांनी एकेक तार वेगळी छेडत वाजवतात ती क्लासिकल शिकायची आहे. म्हणजे नायलॉनच्या तारांची. बजेट १२ हजार. त्यातच कव्हर, तारांचा एक जादा सेट आणि सेटअप (तारांची उंची वगैरे नीट बसवून घेणं) हे सगळं बसवायचंय.

सांगलीतली दुकानं पालथी घातली. गिटार म्हटलं की बहुतेक ठिकाणी स्टीलच्या तारांची, एका खांद्याला खाच असलेली, चकचकीत रंगाची पुढे करतात. एका दुकानात सांगितलं, "हीच घ्या, नायलॉन लावून देतो." दुसरीकडे बरोबर उलट सल्ला: "नायलॉनची घ्या आणि पुढे स्टीलच्या तारा टाका, आवाज दणदणीत येतो." दोन्ही ऐकून समाधान झालं नाही.

मॉडेलमध्ये यामाहाची सी-४० सगळेच सुचवतात. भाव मला दहा हजारांच्या घरात सांगितला. चार-पाच हजारांच्याही नायलॉनवाल्या दिसल्या, पण त्यांच्या पडद्यांची, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं दांडीच्या कडेला बोटाला टोचत होती. मुलीने हात फिरवला आणि लगेच मागे घेतला.

पण माझा खरा प्रश्न सेटअपचा आहे. वाचलं त्यावरून समजतं की स्वस्त क्लासिकल गिटारच्या तारा कारखान्यातूनच पडद्यांपासून उंच ठेवलेल्या असतात. दाबायला जोर लागतो, बोटं दुखतात आणि मूल महिन्याभरात गिटार कपाटावर ठेवून देतं. पुण्यात हे काम करणारे आहेत, पण तारा टेकतात ती हाडाची एक पट्टी घासून घ्यायला एवढा प्रवास करायचा, आणि शेजारी मिरज असताना? तिथे पिढ्यान् पिढ्या सतारी-तंबोरे घडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) केसभर कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढणारे हात तिथे आहेत. ते गिटारला हात लावतील का? लावला तर त्यांना नेमक्या कुठल्या शब्दांत सांगायचं? हे मला कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून इथे विचारतोय.

आणि बारा वर्षांच्या मुलीला पूर्ण मापाची झेपेल की पाऊण मापाची घ्यावी?

रियाज_पुणे

आधी त्या दोन सल्ल्यांबद्दल. दोन्ही मनातून काढून टाका, विशेषतः दुसरा. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३५ ते ४० किलो असतो, स्टीलच्या सेटचा ७० किलो किंवा त्याहून जास्त. क्लासिकल गिटारचा ब्रिज (तारा बांधतात तो लाकडी तुकडा) तबलीवर, म्हणजे पुढच्या फळीवर, नुसता चिकटवलेला असतो आणि तबलीच्या आतल्या पट्ट्या हलक्या असतात. दुप्पट ताण आला की ब्रिज उखडतो, नाहीतर तबली फुगते आणि दांडी वाकते. स्टीलच्या गिटारमध्ये दांडीच्या आत लोखंडी सळई असते, ती किल्लीने फिरवून वाक काढता येतो. बहुतेक क्लासिकल गिटारांत ती नसते. एकदा वाकली की काम हाताबाहेर गेलं.

पहिल्या सल्ल्याने गिटार मोडणार नाही, पण वाजणारही नाही. स्टीलसाठी बांधलेली जाड, ताठ तबली हलवायची ताकद नायलॉनमध्ये नसते. शिवाय स्टीलच्या गिटारची दांडी नटपाशी (खुंट्यांकडची तारा टेकतात ती पट्टी) ४३ मिलिमीटरच्या आसपास, तर सी-४० ची ५२. उजव्या हाताची बोटं तारांमध्ये मोकळी फिरायला हीच जागा लागते.

मापाचं दुकानातच ठरेल. सी-४० ची तार नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी) ६५० मिलिमीटर, पाऊण मापाच्या सीएस-४० ची ५८०. मुलीला खुर्चीवर नीट बसवा. गिटार डाव्या मांडीवर, डावा पाय थोडा उंच. सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पहिलं बोट पहिल्या पडद्याशी आणि करंगळी चौथ्या पडद्याशी ठेवायला सांगा. मनगट न मुरगळता पोचली तर पूर्ण मापाचीच घ्या. सातवीतली मुलं बहुतेक पोचतात. पाय उंच करायला वेगळं स्टूल नको, घरातले दोन पाट एकावर एक ठेवले तरी भागतं.

सॉलिड, म्हणजे एकसंध लाकडाच्या, तबलीच्या मागे या बजेटमध्ये लागू नका. प्लायची तबली आवाजाला थोडी बंद असते, पण एप्रिलचा कोरडेपणा आणि जुलैची ओल ती जास्त सोसते. आपल्याकडे ही मोठी गोष्ट आहे. पाच हजारांच्या गिटारच्या टोचणाऱ्या पडद्यांकडे पाठ फिरवलीत ते योग्यच. लाकूड सुकून आकसलं की पडद्यांची टोकं बाहेर येतात, म्हणजे लाकूड नीट मुरवलेलं नव्हतं असं समजायला हरकत नाही.

घेताना गिटारच्या डोक्याकडून (खुंट्यांच्या टोकाकडून) दांडीच्या कडेवर नजर लावून वाक बघा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकतो का तपासा. सरकला तर तो नग नको. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहा, दुकानदार कंटाळला तरी.

खुंटी

मी मिरजेतच असतो, गातो, तंबोरे जुळवण्यात आयुष्य गेलंय. कारागीर काम करून देतील. सतारमेकर गल्लीत बसणाऱ्या माणसाला हाड, कानस आणि पॉलिश पेपर यांत नवं काही नाही. पण विश्रामबागकर, तुम्ही विचारलंत ते शब्दच इथे महत्त्वाचे आहेत.

तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, त्यातूनच तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. गिटारला यातलं काहीही नको. तिथे तार सॅडलच्या पुढच्या कडेवरून एका रेषेत, स्वच्छ सुटायला हवी. माथा रुंद आणि सपाट झाला की तार चिरकते. तेव्हा 'जवारी नको, तार पूर्ण बंद हवी' असं सांगा. हे वाक्य त्यांना लगेच कळतं. आणि दुसरं वाक्य: 'माथ्याला हात लावू नका, फक्त तळ घासा.' सॅडल खाचेतून निघते, तिचा तळ घासला की माथ्याचा आकार जसाच्या तसा राहून उंची कमी होते.

आणखी एक फरक त्यांच्या कानावर घाला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर चढा-उतरा लागला तर सरकवून घेता येतात. गिटारचे ठोकून बसवलेले असतात. म्हणून तारेची उंची जास्त झाली तर ती कमी करण्यावाचून सूर सुधारायला दुसरी वाटच नाही.

मुलगी पेटीवाली आहे म्हणून सांगतो: जाड तारेपासून बारीक तारेकडे जुळवणी पांढरी तीन (पेटीची तिसरी पांढरी पट्टी), पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन, दोन सप्तकं वरची. पेटीबरोबर वाजवायची असेल तेव्हा पेटीला जुळवा. एरवी ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र) ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर ठेवा, कारण पेट्या बरेचदा त्याच्या किंचित वर असतात.

विश्रामबागकर

मनापासून आभार. सी-४० घेतली, पूर्ण मापाची. करंगळी चौथ्या पडद्यापर्यंत आरामात पोचली.

आता मोजमापं. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजलं: सहावी तार ५ मिलिमीटर, पहिली ४. सॅडल ब्रिजच्या लाकडावर जाड तारेच्या बाजूला साडेचार आणि बारीक तारेच्या बाजूला चार मिलिमीटर दिसते. दांडी सरळ वाटते.

मुलीने एक गोष्ट पकडली. उघडी सहावी तार सुरात, पण बाराव्या पडद्यावर दाबली की "बाबा, हा सा चढा आहे." पेटी लावलेलीसुद्धा नव्हती. ट्यूनरवर बघितलं तर काटा खरंच उजवीकडे. गिटार सदोष आहे का? परत करू?

रियाज_पुणे

परत करू नका. तार जितकी उंच, तितकी ती दाबताना ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. खात्री करायची असेल तर बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा घंटेसारखा सूर) काढा, मग तीच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एक यायला हवेत. उंची कमी केल्यावर फरक बराच मिटेल. उरला तर तारा बदलून बघा, दुकानात पडून राहिलेल्या तारा बेसूर बोलतात.

हिशोब असा. क्लासिकलला बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेला ४ आणि पहिल्या तारेला ३ मिलिमीटर हे चांगलं माप. तुम्हाला दोन्हीकडे १ मिलिमीटर कमी करायचाय. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडलमधून दुप्पट, म्हणजे २ मिलिमीटर काढावे लागतील. तुमच्याकडे साडेचार आणि चार आहेत, त्यामुळे अडीच आणि दोन उरतील. पुरेसे आहेत. तार सॅडलवरून मागे वळताना तिला कोन मिळायला हवा, नाहीतर आवाज मरतो.

दोन मिलिमीटर एका दमात काढू देऊ नका. आधी एक, तारा चढवून मोजा, मग पुढचं. तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर सरळ घासायचा. हातात धरून घासला की तळाला पोट येतं आणि एखादी तार बाकीच्यांपेक्षा मुकी वाजते.

त्याआधी नट तपासा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढी फट बरोबर. त्याहून बरीच जास्त असेल तर पहिल्या दोन पडद्यांवर बोटं दुखतील, सॅडल कितीही घासली तरी. नटची खाच जास्त खोल गेली तर नट बदलावाच लागतो, म्हणून तिथे कानस अगदी जपून.

खुंटी

मूळ सॅडल घासायला देऊ नका. नवी हाडाची पट्टी त्याच जाडीची काढून घ्या आणि ती बसवा. मूळची पाकिटात घालून कव्हरमध्ये ठेवा. काही बिनसलं तर परतीची वाट राहते. आणि कारागीर तारा चढवतील तेव्हा समोर बसा, ते नाराज होत नाहीत. उलट मोजमाप लिहिलेला कागद पुढे ठेवलात तर जास्त मन लावून करतील.

विश्रामबागकर

काम झालं. मिरजेत एका ज्येष्ठ कारागिरांनी करून दिलं. 'जवारी नको, तार बंद हवी' म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि माझ्या कागदावरची मापं स्वतःच्या पट्टीने पुन्हा मोजून घेतली. नव्या हाडाच्या पट्टीचा तळ काचेवर घासला, मधूनमधून उजेडासमोर काचेवर उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघत. माथ्याला पुढच्या कडेकडे हलका गोल दिला, तेवढाच. नट त्यांनी बघितला आणि हात न लावता सोडला, ठीक आहे म्हणाले. आता सहावी तार ४, पहिली ३ ला थोडी कमी. बाराव्या पडद्यावरचा सूर ट्यूनरवर जवळजवळ मधोमध येतो. मुलगी आता थांबवल्याशिवाय थांबत नाही, आणि मला हेच हवं होतं.

आता दोन शेवटचे प्रश्न. जादा सेट कुठला घेऊ? आणि पावसाळ्यात सांगलीची ओल सांभाळायची कशी?

रियाज_पुणे

डॅडारियो कंपनीचा ईजे-४५ घ्या, नॉर्मल टेन्शन, म्हणजे मध्यम ताणाचा. हार्ड टेन्शन मुलीच्या बोटांना आत्ता नको. या नायलॉनच्या तारा तशा अलीकडच्या. पूर्वी आतड्याच्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धात त्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिन यांनी १९४० च्या दशकात नायलॉनच्या केल्या आणि प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियांनी त्या उचलून धरल्या.

नव्या तारा आठवडाभर उतरत राहतील. नायलॉन ताणत जातं, त्यात गिटारचा दोष नाही. रोज जुळवत राहा. ब्रिजवर बांधताना शेवटचा वळसा ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दाबला गेला पाहिजे, वरच्या वर राहिला तर गाठ सुटते. पहिली तार गुळगुळीत असते, तिला दोन वळसे जास्त द्या. ती सुटली की टोक तबलीवर आपटून खड्डा पाडतं, म्हणून पहिल्यांदा बांधताना ब्रिजमागे पुठ्ठा ठेवा.

ओलीचं म्हणाल तर हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की गिटार खूश. पावसाळ्यात कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तबली ओल पिऊन फुगली की तारा थोड्या वर येतात, तेव्हा घाईने सॅडल पुन्हा घासायला जाऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा. उन्हाळ्यात उलट: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज कव्हरमध्ये ठेवा. आणि बंद गाडीत उन्हात कधीच सोडू नका, उष्णतेने ब्रिजचा गोंद सुटतो.

विश्रामबागकर

सेट मागवतो. आल्यावर रविवारी तारा बदलेन आणि गाठींचा फोटो इथे टाकेन, विशेषतः पहिल्या तारेचा. वळसा कडेखाली बसलाय का ते बघून सांगा.