औषधांआधी राहण्याची सोय बघा

आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी ट्रस्ट काढून औषधांचा खर्च उचलायचा, हा तुमचा विचार मनापासून आवडला. पण सुरुवात औषधांपासून करू नका, असं मला वाटतं. उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. कुटुंब मोडतं ते बाकीच्या खर्चाने. मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुतेकदा दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढा काळ गावाकडची मजुरी बुडते, धाकटं भावंड आजीकडे राहतं, आणि परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर संसार मांडायची वेळ येते. केमोने प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाला तिथे जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकतं.

हे ओळखूनच २००६ मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड हे निवासकेंद्र सुरू केलं: कुटुंबाला वेगळी खोली, सामायिक स्वयंपाकघर, सगळं मोफत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर त्याच्या कितीतरी आधीपासून टाटाच्या रुग्णांना आसरा देते आहे. आधी या दोन्ही जागा बघून या.

ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, मग आयकर विभागाकडे दोन नोंदण्या: एक ट्रस्टच्या उत्पन्नावरच्या करसवलतीसाठी, दुसरी देणगीदारांच्या करसवलतीसाठी (१२ए आणि ८०जी या जुन्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या). कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेला पैसा, हवा असेल तर त्यासाठीचा सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज सुद्धा. चांगला सीए गाठा. आणि कृपा करून, वर्षभराचं भाडं हातात आल्याशिवाय एकाही आईबापाला खोलीचा शब्द देऊ नका.