दिनशा दावर: वकील आणि न्यायमूर्ती

१९०८ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती म्हणून दावर यांनी केवळ कायद्याचे पालन केले, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे युक्तिवाद करणारे बॅरिस्टर हेच दावर होते. अकरा वर्षांनी न्यायासनावरून त्यांनीच, टिळकांचे वकील जीना यांनी मांडलेला जामिनाचा अर्ज कारणे न देता फेटाळला. ज्यूरीचा कौल ७ विरुद्ध २ असा होता, तेव्हा दोषी ठरवण्याचा भार एकट्या दावरांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि टिळकांच्या बुद्धीलाच विकृत म्हणणारी भाषा त्यांची स्वतःची होती. मुंबई उच्च न्यायालयात हा खटला चालला त्या दालनाबाहेर १९५६ साली तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती छागलांनी अनावरण केलेली, दोषी ठरवल्यावर टिळकांनी दिलेले उत्तर कोरलेली संगमरवरी पाटी आहे. तिच्यापुढे माझी पावले आजही थबकतात.