स्वतःचं प्रवासी विमान बनवू हो, पण पहिली पन्नास घेणार कोण?

लोहगावशेजारी

ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानं बनवणाऱ्या आपल्या सरकारी एचएएलने रशियाच्या यूएसी या विमान बनवणाऱ्या कंपनीबरोबर एसजे-१०० हे प्रवासी जेट भारतात बनवण्याचा सामंजस्य करार केला. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, आलंच आता आपलं विमान. दुसरा म्हणतो, आपल्याला स्कूटर धड जमली नाही, विमान कसलं करताय. दोघंही इंजिनिअरिंगवर भांडतात. गिऱ्हाइकाचं नाव कोणी काढत नाही.

ब्राझील घ्या. १९५० मध्ये त्यांनी साओ जोसे दोस काम्पोसला आयटीए ही विमान-इंजिनिअरिंगची संस्था काढली, १९६८ ला बांदेइरांते हे छोटं विमान उडवलं आणि पुढच्या वर्षी एम्ब्राएर कंपनी काढली. इंजीन स्वतःचं नव्हतंच, ते कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी-६. पण ब्राझीलच्या हवाई दलाने सुरुवातीलाच ८० विमानांची ऑर्डर दिली. आयकरातला एक टक्का एम्ब्राएरच्या शेअरमध्ये टाकण्याची सवलत कंपन्यांना मिळाली. म्हणजे पहिली विमानं महाग पडली, चुकतमाकत झाली, तरी विकली जाणार हे ठरलेलं होतं.

आपल्या 'सरस'चं बघा, एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं छोटं प्रवासी विमान. १९९१ मध्ये रशियन भागीदाराबरोबर काम सुरू झालं, भागीदार मागे हटला, पोखरणनंतर निर्बंध आले. २००४ मध्ये ते उडालं, पण वजन ठरवल्यापेक्षा जवळपास टनभर जास्त. २००९ मध्ये दुसरा नमुना बंगळुरूजवळ कोसळला आणि चाचणी पथकातले तिघे गेले. २०१८ मध्ये सुधारलेलं सरस पुन्हा उडालं. या सगळ्या काळात 'आम्हाला इतकी विमानं अमुक साली हवीत, नाही दिलीत तर खैर नाही' असं म्हणणारं गिऱ्हाईक उभं नव्हतं. प्रयोगशाळा स्वतःच वेळापत्रक ठरवत होती आणि स्वतःच पुढे ढकलत होती.

म्हणून माझं मत: ७०-८० सीटांचं टर्बोप्रॉप (पंख्याचं विमान) आपण करू शकतो. पण आधी ऑर्डर, मग आराखडा.

(तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा कृपया इथे आणू नका. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येणार नाही.)

भोसरीएमआयडीसी

मी विमानाचे सुटे भाग करतो. भाग म्हणजे ब्रॅकेट आणि बुश, फार मोठं काही नाही. बाहेरच्यांना वाटतं भारी मशीन घेतलं की विमानाचं काम सुरू. मशीनला बँक कर्ज देते हो. खरी मेहनत कागदाची. नग ज्या बारमधून कापला त्याचा हीट नंबर (धातू ओतलेल्या घाण्याचा क्रमांक), मटेरियल सर्टिफिकेट, कोणी कापला, कोणत्या प्रोग्रॅमवर, कोणी तपासला, हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळायचं. मोटारीच्या कामात शंभरात दोन नग गेले तर बदलून देतो आणि विसरतो. इथे एक नग गेला तर का गेला याचं उत्तर लिहून द्यावं लागतं. एएस ९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र घेताना आमच्या शॉपमधल्या निम्म्या सवयी बदलल्या, दोन जुने कारागीर वैतागून सोडून गेले.

आता सांगा, देशी कंपनी मला वर्षाला आठ-दहा विमानांचे ब्रॅकेट देणार. बोइंग-एअरबसच्या साखळीत महिन्याचीच ऑर्डर त्याहून मोठी. मी कोणाचं काम आधी लावू? इथलीच भारत फोर्ज बोइंगला टायटॅनियमचे फ्लॅप ट्रॅक देते. ज्याच्यात पैसा आहे ते वाढवू. अख्खं विमान करायची हौस कशाला?

कर्वेनगरची गौरी

भोसरीदादा, जॉब वर्कवाल्याला ड्रॉइंग मिळतं. तो भाग तसाच का आहे, हे मिळत नाही. भिंत तीन मिलिमीटर का, अडीच का नाही, हे ज्याला माहीत असतं त्यालाच उद्या दुसरं विमान काढता येतं. चाळीस वर्षं नुसते ब्रॅकेट केले तर एक्केचाळिसाव्या वर्षीही ब्रॅकेटच.

आणि पुणेकरांनी तरी हे म्हणू नये. १९९८ च्या शेवटी टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) इंडिका काढली तेव्हा याच गावातले लोक नाकं मुरडत होते. पहिल्या गाड्यांत तक्रारी निघाल्या, मग व्ही-टू आली आणि चाकण ते पिंपरी पुरवठादारांची एक पिढी आराखडा वाचायला शिकली.

दुसरं. ७० सीटांच्या टर्बोप्रॉपमध्ये आज पर्याय कुठेय? कॅनडाच्या क्यू-४०० चं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. उरलं फ्रेंच-इटालियन एटीआर. इंडिगो, अलायन्स एअर, आपल्याकडून जळगाव-सिंधुदुर्गला जाणारी फ्लाय ९१, सगळ्यांकडे तेच एटीआर-७२. एकच दुकान असेल तर भाव आणि वेटिंग लिस्ट त्याच्याच हातात.

ओझर रिटायर्ड

गौरीताई, इंडिकाचं उदाहरण इथे लागू नाही. गाडीतला दोष गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर दुरुस्त करता येतो. विमानाचं टाइप सर्टिफिकेट (आराखडा सुरक्षित असल्याची सरकारी मान्यता) मिळेपर्यंत एकही तिकीट विकता येत नाही, आणि तोवर हजारो लोकांचा पगार चालू असतो.

लोहगावशेजारी म्हणतात गिऱ्हाईक आधी. मग मित्सुबिशीच्या प्रवासी जेटचं काय झालं? २००८ मध्ये ऑल निप्पॉन या जपानी एअरलाइनची ऑर्डर हातात होती, पुढे अमेरिकन कंपन्यांच्याही आल्या. पैसा होता, जपानी शिस्त होती. २०१५ मध्ये विमान उडालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. सर्टिफिकेशनचे नियम कळायला लागले तेव्हा वायरिंगची मांडणीच बदलावी लागली. चीनचं एआरजे-२१ २००८ मध्ये उडालं, प्रवासी घेऊन निघायला २०१६ उजाडलं. तिथे तर सरकारच गिऱ्हाईक होतं! तरी आठ वर्षं गेलीच.

जुळवणीचं म्हणाल तर ती आपल्याला नवी नाही. कानपूरला ऍव्रो हे ब्रिटिश आराखड्याचं विमान १९६१ पासून बनलं, एकूण ८९. नंतर जर्मन आराखड्याचं १९ सीटांचं डॉर्नियर-२२८, शंभराच्या वर. त्यातून स्वतःचा आराखडा आला का? आता एसजे-१००. मूळ विमानात फ्रेंच-रशियन इंजीन होतं. २०२२ च्या निर्बंधांनंतर रशियाने परदेशी भाग काढून स्वतःचे बसवायला घेतले, इंजीनसुद्धा नवीन पीडी-८. म्हणजे घरमालकाच्याच भिंती अजून ओल्या आहेत आणि आपण भाडेकरार करतोय.

लोहगावशेजारी

मित्सुबिशीवर थोडं थांबू या. अमेरिकन ऑर्डर सशर्त होत्या. तिथल्या वैमानिक संघटनांचे कंपन्यांशी करार असतात, प्रादेशिक विमान ७६ सीट आणि साधारण ३९ टनांच्या वर नको. जपान्यांनी विमान मोठं काढलं, कारण अट सैल होईल असं गृहीत धरलं. अट सैल झाली नाही. माझाच मुद्दा झाला की हा: कागदावरचं गिऱ्हाईक आणि खरं गिऱ्हाईक यांत फरक असतो. सर्टिफिकेशनबद्दल मात्र तुमचं पूर्ण मान्य. डीजीसीएकडे (आपली विमान नियामक संस्था) या आकाराच्या विमानाची तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली माणसंच नाहीत. ती तयार करायलाच दशक जाईल.

पाषाणकर

मला वेगळीच शंका आहे. हे विमान उडणार कुठून? लोहगाव हवाई दलाचं. नागरी विमानांना उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, म्हणजे स्लॉट. एका स्लॉटमध्ये १८० माणसांचं विमान उतरतं किंवा ७० माणसांचं. विमानतळवाला कोणाला प्राधान्य देईल? पुरंदर होईल तेव्हा होईल, तिथल्या गावकऱ्यांचं म्हणणं अजून ऐकून संपलेलं नाही.

कोल्हापूरला लोक गाडीने चार-पाच तासांत जातात. लोहगाव गाठून, रांगेत उभं राहून विमानाने किती वाचतात? नांदेड, नागपूर, जळगाव समजू शकतो. पण लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेचं काय झालं बघा. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि अनुदानाची तीन वर्षं संपल्यावरही टिकले ते फक्त ५४. विमान कानपूरचं असो की एटीआरच्या तुलूझचं, भाड्यात फार फरक पडणार नाही.

कर्वेनगरची गौरी

पाषाणकर, मार्ग बंद पडायचं एक कारण विमानंच नव्हती हेही आहे. लहान कंपन्यांकडे दोन-तीन भाड्याची विमानं. एक सुट्या भागासाठी जमिनीवर बसलं की निम्मं वेळापत्रक कोसळतं. स्पेअर्स नाशिक-पुण्यात मिळाले असते तर? हे आकड्यात धरा.

भोसरीएमआयडीसी

स्पेअर्स मी आनंदाने करीन. पण इंजीन बाहेरचं, प्रोपेलर बाहेरचा, कॉकपिटमधले डबे बाहेरचे. जमिनीवर बसलेलं विमान बहुतेक त्यांच्यासाठीच बसलेलं असतं, माझ्या ब्रॅकेटसाठी नाही. तेजसचंच बघा, अमेरिकेहून इंजिनं उशिरा आली आणि तयार सांगाडे थांबून राहिले.

लोहगावशेजारी

बरं, मग नेमकं काय करावं ते लिहितो. १९ सीटांपासून सुरुवात नको. त्या आकाराचं सिद्ध झालेलं डॉर्नियर आपणच बनवतो, तरी २०२२ मध्ये अलायन्स एअरने दोन भाड्याने घेऊन दिब्रुगड-पासीघाट सुरू केलं, त्यापलीकडे नागरी बाजार फारसा हललेला नाही. एनएएलचं ७०-९० सीटांचं आरटीए हे प्रादेशिक विमान दीड दशकापासून कागदावर आहे, ते बाहेर काढा. इंजीन सरळ विकत घ्या, ब्राझीलने घेतलं तसं. हवाई दल, तटरक्षक, सीमा सुरक्षा दल आणि एक सरकारी भाडेपट्टा कंपनी यांनी मिळून ८० ची ऑर्डर आज लिहून द्यावी, अट एकच: पाच वर्षं उशीर झाला तर ऑर्डर रद्द आणि पैसे परत. एम्ब्राएरसुद्धा नव्वदच्या सुरुवातीला बुडायला आली होती, १९९४ मध्ये सरकारने विकली तेव्हा सावरली. म्हणून कंपनीत पहिल्या दिवसापासून खासगी भागीदार हवा.

ओझर रिटायर्ड

८० कुठून आणणार? हवाई दलाने ऍव्रोच्या जागी ५६ सी-२९५ मालवाहू विमानं आधीच घेतलीत, त्यातली ४० वडोदऱ्याला टाटा बनवतंय. तटरक्षकांकडे डॉर्नियर आहेत आणि त्यांना किनाऱ्यावर गस्त घालायची असते, ७० माणसं न्यायची नसतात. भाडेपट्टा कंपनीने विमानं घेतली तर ती चालवणारी एअरलाइन पुन्हा शोधावी लागेल, आणि तिला एटीआरपेक्षा एका सीटमागे किती कमी खर्च येईल ते आधी सांगा. हा आकडा तुमच्या आख्ख्या प्रतिसादात कुठेच नाही.