पूल शाबूत असताना 23 जण कसे गेले?

करी रोडचा रहिवासी:
29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा मृत्यू झाला. पूल कोसळला नव्हता, गाडी घसरली नव्हती. तरीही एवढी माणसे का दगावली, हे मला आजही उमगत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

दादरचा प्रवासी:
पाऊस आणि अफवा ही निमित्ते होती. हा पूल पश्चिम रेल्वेच्या एल्फिन्स्टन रोडला मध्य रेल्वेच्या परळशी जोडत होता, आणि गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये उभी राहिल्यापासून दोन्ही मार्गांवरून सकाळी येणारे नोकरदार त्याच अरुंद जिन्याने उतरू लागले होते. त्या दिवशी जोराच्या सरीमुळे अनेक जण पुलावरच खोळंबले, पण लोकल मात्र येतच राहिल्या आणि प्रत्येक लोकलमागे नवी गर्दी वर चढत गेली. पुढची वाट अडल्याचे मागच्यांना दिसत नव्हते, त्यामुळे रेटा वाढतच राहिला. नवा पूल आधीच मंजूर झालेला होता, हे मला सर्वांत जास्त छळते. कारण दुर्घटनेनंतर लष्कराने तिथे बांधलेला वेगळा पूल फेब्रुवारी 2018 मध्ये खुलाही झाला.

स्थापत्य अभियंता:
वरील विवेचन पटते, मात्र केवळ रुंदी वाढवून भागणार नाही. 15 फेब्रुवारी 2025 रोजी महाकुंभाच्या गर्दीत नवी दिल्ली स्थानकावर 14 आणि 15 क्रमांकाच्या फलाटांकडे जाणाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 18 जण गेले. तिथे पाऊस नव्हता. प्रवाशाच्या डोक्यावरचे ओझे पडून लोक अडखळले, असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले. जिना गच्च भरलेला असेल, तर एकाचा तोल जाणेही पुरते. म्हणून वरची गर्दी ओसरेपर्यंत लोकांना जिन्याखालीच थोपवून धरणारी माणसे नेमली पाहिजेत, आणि हे काम पूल बांधण्याइतकेच तातडीचे आहे.

रुग्णालयातील परिचारिका:
मृत्यूच्या कारणाबद्दल लिहिते. अशा घटनांत बहुतेकांचा जीव गुदमरून जातो, कारण चहूबाजूंच्या दाबामुळे छाती फुलू शकत नाही आणि उभ्या माणसाचाही श्वास कोंडतो. गर्दी दाटू लागली की दोन्ही हात छातीसमोर घ्यावेत, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, आणि जिना तुंबलेला दिसला तर फलाटावरच थांबावे.