मदत हवी आहे : रिकार्डा हूख कुठून सुरू करू?

मंडळी, जर्मन लेखिका रिकार्डा हूख (१८६४–१९४७) कोणी मूळ जर्मनमधून वाचली आहे का? जर्मनीत तेव्हा बायकांना विद्यापीठाची दारं बंद, म्हणून हिने झुरिकला जाऊन १८९२ मध्ये इतिहासात डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये नव्या नाझी राजवटीशी निष्ठेच्या कागदावर सही करायला नकार देऊन प्रशियन कला अकादमीही सोडली. बाई खमकीच!

माझं जर्मन बी-वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंतचं. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धावरचे तिचे तीन खंड (१९१२–१४) खुणावतायत, पण त्यात एक असा नायक नाही. राजे, सेनापती, रयत यांचे सुटे सुटे प्रसंग. थेट त्यालाच हात घालू, की आधी इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीवरची तिची कादंबरी? जुनी गॉथिक छपाई डोळ्यांना झेपत नाही, साध्या रोमन अक्षरांतली आवृत्ती पुण्यात कुठे मिळेल?