कार्बोरेटर घरी खोलण्याआधी
पावसाळाभर उभी असलेली दुचाकी आता स्लोवर (रेस न देता) बंद पडते, तर व्हिडिओ बघून कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) घरीच साफ करू का, असं एकाने विचारलंय. मी केलाय हा उद्योग, गुहागरला पडवीत पेपर पसरून. पायलट जेटचं, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या पितळी नळीचं, भोक जेमतेम केसाएवढं, त्यात हिरवट चिकटा. मी आपली क्लच केबलची तार घातली. मोकळं झालं की! पण पितळ मऊ, भोक मोठं झालं. गाडी सुरू व्हायची, पण प्लग काळाकुट्ट आणि पेट्रोल नुसतं ढोसायची. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू काढताना किती आटे होते, तेही मोजले नव्हते.

शेवटी चिपळूणला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जेट उजेडाकडे धरला आणि विचारलं, "तार कोणी घातली?" मी गप्प. नवा जेट, कॉम्प्रेसरची हवा, फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल ठरावीक ठेवणाऱ्या तरंगीची) पातळी. मग इंजिन गरम करून स्क्रू पाव-पाव आटा फिरवत कान लावून बसले. ते कान आपल्याकडे नाहीत हो.

2020 मध्ये बीएस-6 (धुराचे कडक नियम) आल्यापासून बहुतेक नव्या गाड्या कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या. त्यामुळे पोरगेलेशा मेकॅनिकचा कार्बोरेटरवर हात बसलेला असेलच असं नाही, आधी विचारून घ्या. तोवर फार तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढा (विडी लांब ठेवून!) आणि ताजं भरा. इथेनॉलवालं पेट्रोल आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढतं, कधीकधी तेवढ्यानेच भागतं.