वसईचा किल्ला: तुमच्या आठवणी लिहा

रविवारी वाईजवळच्या मेणवलीला घाटाजवळच्या मोठ्या घंटेखाली उभी होते. वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, अंगावर १७०७ साल. हात लावला आणि बाबा आठवले. पाचवीत असताना त्यांनी मला वसईच्या किल्ल्यात नेलं होतं. जिन्यात काळोख, वटवाघळांचा उग्र वास, मी त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलेलं. वर आल्यावर म्हणाले, "चिमाजी अप्पांच्या माणसांनी सुरुंग लावून तट फोडला. मे १७३९." मग बराच वेळ गप्प. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. तुम्ही कोणाबरोबर गेला होतात?

गोदाकाठची: ताई, डोळे भरून आले गं. आमच्या नाशकात नारोशंकराची घंटा, तीही वसईचीच. मी मोठ्याने बोलले की आई म्हणायची, "आली नारोशंकराची घंटा!"

पापडीकर: आमचं लहानपणच किल्ल्यात गेलं. किल्लाबंदराला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की घर जवळ आलं समजायचं. आणि संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचेच बरं का, १८६२ मध्ये संतपद मिळालं. आजी फार अभिमानाने सांगायची.

भाकरतुकडा: पापडीकर दादा, सुकेळी, ती सुकवलेली केळी, मिळतात का हो अजून? मामा केळीच्या सोपटात बांधलेली आणायचा.

पापडीकर: मिळतात, पण करणारी घरं कमी झाली. राजेळी जातीची केळीच उरली नाहीत फारशी. पाठवतो दादा, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

इतिहासाची बाई: शाळेची सहल नेली होती. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, अक्षरं पायांनी झिजलेली. एक मुलगी चपला काढून कडेकडेने चालली. मी सांगितलं नव्हतं. ३७ मुलांत ती एकटी. १८०२ चा वसईचा तह शिकवताना दरवर्षी घसा दाटतो माझा. अप्पांनी एवढी माणसं खर्ची घालून घेतलेल्या गावातच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे सही केली.

गोदाकाठची: बाई, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं मी.

रानवाट: मागच्या महिन्यात गेलो. भिंतींवर कोळशाने नावं, बदाम. फार लागतं मनाला. कुकर लावलाय, बाकीचं नंतर लिहितो.

भाकरतुकडा: मेणवलीला जेवायची सोय आहे का? आईला न्यायचंय.

मी: वाईत जेवून जा. आईंना घंटेखाली नक्की उभं करा.